तोटीवरची चव

आबांनी जेवण सोडलं नव्हतं, ते जेवण चुकवत होते. ताट वाढलं की त्यांना नेमकं काहीतरी आठवायचं. टाकीत पाणी किती उरलंय ते बघून येतो, विळ्याला धार लावून येतो. परत येईपर्यंत भात गार व्हायचा, आणि गार अन्न घशाखाली उतरत नाही म्हणून ताट बाजूला सरकायचं. गरम वाढावं तर म्हणायचे, जीव घेता का माझा? सुनेला हे सगळं दिसत होतं. पण सासऱ्याच्या ताटात काय उरलं यावर डोळा ठेवणारी सून कुठल्याच घरात कौतुकाची नसते, म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहणं हा तिचा स्वभाव नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

हे घर गवती चहाचं तेल काढून जगणारं. घरामागच्या उतारावर पातीचं शेत, उताराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये भट्टी. पात कापायची, सावलीत पसरून मलूल होऊ द्यायची, मोठ्या हंड्यात तळाशी पाणी घालून वर पायानं दाबून भरायची, झाकणाच्या कडा मातीनं लिंपायच्या आणि खाली जाळ लावायचा. वाफ नळीत शिरते, नळी गार पाण्याच्या टाकीतून जाते आणि पलीकडच्या तोटीतून तेल आणि पाणी मिळून बरणीत ठिबकतं. तेल वर तरंगतं, त्याला गिऱ्हाईक. खाली उरतं ते वासाचं पाणी, त्यानं शेड धुवायची.

यात मेख एकच होती, जाळ कधी ओढायचा. लवकर ओढला तर निम्मं तेल पातीतच राहतं. उशीर झाला तर तळाची पात करपते आणि तो करपट वास सगळ्या घाण्याला, म्हणजे त्या खेपेच्या सगळ्या तेलाला, लागतो. नाकाचा इथं उपयोग नाही. शेडमध्ये शिरून थोडा वेळ झाला की नाक मरतं, मग उकिरडा आणि अत्तर सारखंच. म्हणून आबा तोटीपाशी स्टुलावर बसत, मधूनमधून बोटावर थेंब घेत आणि जिभेवर ठेवत. सुरुवातीचा थेंब झोंबतो, मधला गोडसर लागतो, आणि शेवटी शेवटी शिजलेल्या चाऱ्याचा कडवटपणा यायला लागतो. तो यायच्या आत ते हाक देत, “ओढ.” भट्टीच्या तोंडाशी बसलेली सून लाकडं बाहेर ओढायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून जाळ तिचा आणि तोटी आबांची. तोटीखाली दुसऱ्या कुणी बोट धरलेलं आबांना खपत नसे, पोटच्या मुलाचंसुद्धा नाही. मुलगा त्यामुळेच की काय, ट्रकवर ड्रायव्हर झाला. आठवड्याकाठी घरी यायचा आणि ज्याचं बोलणं शेवटचं कानावर पडलं असेल त्याची बाजू घ्यायचा.

यंदा पावसानं दगा दिला होता. पात कशीबशी गुडघ्यापर्यंत आलेली, टोकाला पिवळी पडलेली. हंगामाची ही शेवटची कापणी होती. साबणाच्या कारखान्यासाठी तेल उचलायला येणारा माणूस, ज्याला सगळे तेलवालाच म्हणत, तो गेल्या खेपेला सांगून गेला होता की कारखान्याला आता मोजकेच भट्टीवाले ठेवायचेत. कुणाला ठेवायचं ते या शेवटच्या तेलावर ठरणार. म्हणून सगळी जोखीम एकदम नको, असं ठरवून आबांनी शेताची खालची निम्मी बाजू आधी कापायला घेतली.

त्या घाण्याला सुनेला पहिल्यांदा शंका आली. जाळ सांभाळणाऱ्याचे कान हंड्याकडे असतात. आतली वाफ सुरुवातीला गुरगुरते, मग एकसारखी सुसाटते, आणि शेवटाकडे तिचा आवाज कोरडा होतो. आवाज कोरडा झाला तरी आबांची हाक आली नाही. सुनेनं मान वळवून पाहिलं. आबा थेंब जिभेवर ठेवत होते, तोंड मिटून बसत होते, पुन्हा थेंब घेत होते.

“आबा, ओढू का?” तिनं विचारलं.

“तोटीवर कोण बसलंय?” आबा म्हणाले.

ती परत लाकडांकडे वळली. हाक आली तेव्हा फार उशीर झाला होता.

तेलवाला आला त्या दिवशी शेजारपाजारचे दोघेतिघे भट्टीवालेही आपापले डबे घेऊन आबांच्याच अंगणात जमले होते, कारण गाडी इथपर्यंतच यायची. तेलवाल्यानं कागदाची पट्टी आबांच्या डब्यात बुडवली, हवेत हलवली, नाकाशी धरली. मग ती आबांच्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता. हळू आवाजात म्हणाला, “आबा, करपलंय हो.” पण हळू बोललेलं अंगणात जास्तच ऐकू येतं. शेजाऱ्यांनी उगाच आभाळाकडे बघितलं. वरची निम्मी पात अजून उभी आहे ना, असं विचारून तो म्हणाला की ती निघाली की बघू, आणि डबा तिथेच ठेवून गेला. आबांनी डबा स्वतः उचलून शेडमध्ये नेला. सुनेनं हात पुढे केला तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती राख टाकायला शेडच्या मागे गेली आणि जागच्या जागी थांबली. आबा दगडावर बसले होते. समोर फळीला आरसा टेकवलेला, एका हातात त्यांची कवळी आणि दुसऱ्या हातात काडीला गुंडाळलेला कापूस. तेलाची बाटली शेजारीच. ते कापूस तोंडात घालून आतून गालाला लावत होते आणि लावताना त्यांचा पाय जमिनीवर आपटत होता. उघड्या तोंडात तिला दिसलं ते दुधाच्या फाटलेल्या सायीसारखं पांढरं, जिभेवर, टाळ्यावर, गालांच्या आत. जिथलं पांढरं निघालं होतं तिथे लालभडक सोललेलं. आरशात आबांना ती दिसली. त्यांनी घाईघाईनं कवळी तोंडात बसवली, ती नीट बसली नाही, आणि तोंड दाबून ते तसेच बसून राहिले. सुनेला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी काय आधी बाहेर पडेल या भीतीनं ती घरात निघून गेली.

“त्यांचं तोंड बघितलंत का तुम्ही?” तिनं सासूला विचारलं.

सासूबाई धान्य निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “मला कुठे दाखवतात? दात काढून नवे बसवले तेव्हापासून झोपतानासुद्धा काढत नाहीत. बोळकं तोंड बघून मी हसेन असं वाटतं त्यांना.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “हसलेही असते म्हणा.”

सगळ्यांच्या अंगाला, कपड्यांना, भिंतींना तेलाचा वास असलेल्या घरात एकाच्या तोंडाला तो जास्त येतोय हे कळणार तरी कसं? आबा कितीतरी दिवस शुद्ध तेल, पाण्याचा थेंबही न घालता, तोंडात लावत होते.

सासूनं दोन दिवस बोलणं टाकलं तेव्हा आबा सुनेबरोबर दवाखान्यात जायला तयार झाले. दवाखाना म्हणजे बाजारातल्या रस्त्यावरची एक खोली, बाहेर बाक, आत एक तरुण डॉक्टरीणबाई. तिनं बॅटरी धरून तोंड बघितलं आणि सांगितलं की ही बुरशी आहे. दात दिवसरात्र तोंडात, त्याखाली ओल, आणि मध्यंतरी खोकल्यासाठी घेतलेल्या जालीम गोळ्या, असं सगळं जमून आलंय. तोंडात धरायचे थेंब देते, झोपताना दात काढून ठेवायचे, आणि तेल अजिबात लावायचं नाही.

आबांना शेवटचं बोलणं लागलं. त्यांनी तिला समजावलं की पोत्यांना बुरशी लागते तेव्हा आम्ही हेच तेल फासतो, दुसऱ्या दिवशी बुरशी नावालाही उरत नाही.

“पोत्याला कातडी नसते, आबा,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

मग तिनं हातातलं काम बाजूला ठेवून नीट सांगितलं. झाडपाल्यात गुण नाही असं ती म्हणत नव्हती. या तेलांवर लोक काम करतायत, तीही वाचते. पण किती पातळ करायचं, किती वेळ ठेवायचं, हे ठरल्याशिवाय नुसतं तेल लावलं तर बुरशीबरोबर तोंडही भाजतं. ढेकूण झाले म्हणून घर जाळायचं का? सून दाराशी रेंगाळली आणि तिनं विचारलं की तेल राहू दे, ते काढल्यावर खाली उरतं त्या पाण्यात दात बुडवून ठेवले तर? डॉक्टरीणबाई म्हणाली, ठेवा हवं तर, सकाळी ब्रशनं घासून साध्या पाण्यानं स्वच्छ धुवायचे. त्यानं बुरशी जाते असं मी छातीठोक सांगणार नाही. थेंब मात्र चुकवायचे नाहीत.

घरी आल्यावर आबांनी थेंबांची बाटली फळीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ केली. ज्या घरातून दुनियेला औषधी तेल जातं त्या घरात कारखान्याचे थेंब? त्यांनी विळा घेतला आणि जाहीर केलं की वरची पात उद्या कापायची. आणखी सुकली तर तेल उरणार नाही. यात खोटं काही नव्हतं, पात रोज थोडी थोडी वाळत होती.

“कापा,” सून म्हणाली. “पण तुमचं तोंड बरं झाल्याशिवाय मी भट्टी पेटवणार नाही.”

आबांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“पात वाळली तर थोडं तेल जाईल,” ती पुढे म्हणाली. “आणखी एक घाणा करपला तर भट्टीच जाईल. तुम्हाला चव लागत नाही, आबा. मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे.”

सुनेची जीभ लांब असते हे आबांनी आयुष्यभर इतरांच्या घरांबद्दल ऐकलं होतं. ते सासूकडे वळले. सासूबाईंनी धान्याचं सूप उचललं आणि ओट्यावर जाऊन बसल्या. मुलगा त्या दिवशी घरी होता. तो आधी म्हणाला, आबांचं बरोबर आहे, पात वाळतेय. मग बायकोकडे बघून म्हणाला, हिचंही चूक नाही. दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो ट्रकचं चाक तपासायला बाहेर गेला.

सकाळी आबा एकटेच शेडमध्ये शिरले. पात कापण्याआधी जाळ जमतो का ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. सून दारातून बघत होती. आबांनी हंड्यात पाणी घातलं, खाली लाकडं रचली, कागद पेटवून आत सारला. लाकडं त्यांनी एकाला एक चिकटवून रचली होती, हवेला वाटच नव्हती. भट्टीच्या तोंडातून पांढरा धूर बाहेर आला आणि त्यांच्या डोळ्यांत गेला. ते फुंकत राहिले. फुंकताना कवळी सैल होऊन निसटू लागली तशी ती एका हातानं धरून ते फुंकू लागले. जन्मात त्यांनी हे काम केलं नव्हतं. आधी त्यांची आई करायची, मग सासूबाई, मग सून. धुरात वाकलेल्या त्या म्हाताऱ्या पाठीकडे सून बघत राहिली. एक लाकूड तिरकं केलं की जाळ धरणार होता, आणि ती चार पावलांवर उभी होती. ती आत गेली नाही.

बऱ्याच वेळानं आबा बाहेर आले. डोळे सुजलेले, कपाळाला काजळी.

“ते थेंब किती वेळ तोंडात धरायचे?” त्यांनी विचारलं.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. थेंब कडू होते, जखमांवर झोंबत होते, आणि आबा लहान पोरासारखी टाळाटाळ करायचे. सून समोर उभी राहायची आणि ते गिळेपर्यंत हलायची नाही. झोपताना दात काढताना मात्र ती मुद्दाम पाठ फिरवायची, तेवढा मान तिनं राखला. दात काचेच्या भांड्यात, वासाच्या पाण्यात. गेल्या कापणीचं पाणी पिंपात शिल्लक होतं, त्यातलंच ती रोज ताजं काढून घ्यायची.

त्या पिंपाशेजारीच करपलेल्या घाण्याच्या पाण्याची कळशी होती. एके दिवशी सुनेनं दोन्हींत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. या घरात इतकी वर्षं काढून तिनं तोटीचं पाणी कधी चाखलं नव्हतं. चांगल्या पाण्याला गवताचा गोडवा होता. करपलेल्याला जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडवटपणा, थुंकलं तरी न जाणारा. मग ती रोज चाखायला लागली. एका वाटीत चांगलं पाणी घ्यायचं, त्यात करपलेल्याचा एक थेंब टाकायचा, कळतं का बघायचं. आधी कळायचं नाही. पुढे पुढे एका थेंबानंही जीभ थबकायला लागली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण यात ती आबांची जागा चोरतेय असं तिला वाटे, आणि तरी ती थांबली नाही.

तोंडातलं पांढरं हळूहळू कमी झालं. आधी गालांचं गेलं, मग टाळ्याचं, शेवटी जिभेचं. डॉक्टरीणबाईनं बॅटरी मारून सांगितलं की तोंड स्वच्छ आहे. बुरशी कशानं गेली यावर घरात दोन तट पडले. आबांचं म्हणणं, दात आमच्या पाण्यात बुडत होते म्हणून. सासूबाईंचं म्हणणं, थेंबांनी. सून म्हणाली, तुम्ही दात काढून झोपायला लागलात त्यानं. त्या दिवशी आबांनी गरम भात दोनदा मागून घेतला आणि सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या की चुलीचा धूर फार झालाय आज.

पात तोवर आणखी वाळली होती. सगळ्यांनी मिळून ती कापली. मुलगाही दोन दिवस राहिला. वाळक्या पातीच्या कडा ब्लेडसारख्या, प्रत्येकाचे हात रक्ताळले. हंड्यात भरताना सुनेनं पात नाचल्यासारखी तुडवली, कारण पोकळी राहिली तर वाफ वाट काढते आणि तेल सोडत नाही. झाकण लिंपलं, जाळ धरला, आबा स्टुलावर बसले.

थेंब सुरू झाले. आबांनी पहिला चाखला आणि मान हलवली. झोंबला होता, ते तोंडावरून दिसलं. सुनेला हायसं वाटलं. नंतर वाफ एकसारखी सुसाटत राहिली आणि ती लाकडं मागेपुढे करत बसली. मग हंड्याचा आवाज कोरडा व्हायला लागला. तिनं आबांकडे पाहिलं. ते थेंब घेत होते, शांतपणे, समाधानानं.

सून उठली, तोटीपाशी गेली आणि थेंब बोटावर घेतला. आबा बघतच राहिले. तिनं तो जिभेवर ठेवला. गोडवा होता, पण त्याच्या मागे जिभेच्या मुळाशी काहीतरी चाळवलं.

“ओढायला हवं,” ती म्हणाली.

“अजून वेळ आहे.”

तिनं आणखी एक थेंब घेतला. आपलं चुकलं असावं असं तिला मनापासून वाटत होतं. चुकलं नव्हतं. ती वळली, भट्टीच्या तोंडाशी बसली आणि लाकडं बाहेर ओढायला लागली.

“मी हाक दिली नाही,” आबा ओरडले.

ती थांबली नाही. शेवटचं लाकूड ओढून तिनं त्यावर पाणी मारलं. शेड वाफेनं भरली. आबा स्टुलावरून अर्धवट उठले होते, ते परत बसले. तोटीचा वेग कमी होत होता. त्यांनी एक थेंब घेतला. मग दुसरा. मग तिसरा, डोळे मिटून, बराच वेळ जिभेवर धरून.

“तुला कसं लागलं?” त्यांनी विचारलं. आवाजात राग उरला नव्हता.

“कडवट व्हायला लागलं होतं. अगदी काठावर होतं.”

“मला अजून गोडच लागतंय,” आबा म्हणाले.

बुरशी गेली होती, तोंड बरं झालं होतं, आणि चव आली होती ती जेवण्यापुरतीच. बारीक चव तेलानं जाळली, की वयानं नेली, कोण सांगणार? सुनेला त्यांचा हात धरावासा वाटला, पण असं कधी केलं नव्हतं, म्हणून तिनं बरणी उचलली आणि तेल गाळायला घेतलं.

तेलवाल्यानं पट्टी हुंगली आणि पुन्हा हुंगली. तेल कमी आहे पण नितळ आहे, भट्टी यादीत राहील, असं सांगितलं. मग शेजाऱ्यांच्या देखत आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, जीभ आली म्हणायची जाग्यावर. आबांना नुसतं हसून वेळ मारून नेता आली असती.

“माझी नाही आली,” ते म्हणाले. “हे सुनेनं चाखलंय.”

बांधाकडेची थोडी पात उरली होती, लहानशा घाण्यापुरती. ती भरायच्या दिवशी सून लाकडं घेऊन शेडमध्ये आली तर भट्टीच्या तोंडाशी आबा बसले होते. लाकडं या वेळी मोकळी रचलेली होती, जाळ धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी बाहीला पुसलं.

“तिकडे बस,” त्यांनी हनुवटीनं स्टुलाकडे दाखवलं.

तिनं हातातली लाकडं खाली ठेवली. मग बसली. थेंब आले, झोंबले, गोड झाले. ती एकेक चाखत राहिली. आबा जाळाकडे तोंड करून बसले होते, एकदाही मागे वळले नाहीत. मग जिभेच्या मुळाशी ती कडवट चव चाळवली. सासऱ्याला हुकूम करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि थांबायलाही वेळ नव्हता.

“ओढा, आबा,” ती म्हणाली.

आबांनी दोन्ही हातांनी लाकडं बाहेर ओढली.